वाळल्यावर बोलू

चांदवड
३ नोव्हेंबर २०२५

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

"नाशिकच्या चित्रकारांनो, गायकांनो, वादकांनो, नटांनो! आपण सगळे दमलो आहोत. रियाजानं कुणी एवढं दमत नाही. आपण दमलो आहोत ते दिवसभर स्वतःच्या नावाची दवंडी पिटून. पूर्वी गावात दवंडी देणारा वेगळा असे आणि ज्याच्या नावानं दवंडी पिटायची तो वेगळा असे. आज प्रत्येक कलावंताच्या गळ्यात हलगी अडकवली आहे आणि त्याला बजावलं आहे, आधी वाजव. मग वेळ उरला तर चित्र काढ. ज्या हातात कुंचला हवा त्या हातात फोन आहे. ज्या गळ्यात षड्ज हवा त्या गळ्यात 'लाइक करा, शेअर करा' आहे. ही भीक आपल्याला कुणी शिकवली?"

कशी वाटली सुरुवात? सात डिसेंबरला संध्याकाळी नाशकात द्वारका चौकाजवळच्या सभागृहात कलावंतांचा मेळावा आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं, जिल्हाभर सभा गाजवल्या, घसा अजून खणखणीत आहे. पण मी कलावंत नव्हे. नुसत्या शब्दांनी सभा हलत नाही, हाडामांसाचं उदाहरण लागतं. तू चित्रकार आहेस आणि माझी भाची आहेस. लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू 'हो गं आत्या, हो गं' करतेस आणि तेवढ्यात तुझी बोटं दुसरंच काही करत असतात. मला ऐकू येतं.

आणि हो, नारोशंकराच्या देवळाचं तुझं रील शेजारच्या हर्षलनं दाखवलं. काय तो पाण्यातला उजेड! अख्ख्या गल्लीला पाठवायला लावलं.

तुझी,
उत्तराआत्या

*

नाशिक
११ नोव्हेंबर २०२५

ती. उत्तराआत्यास सा. न.

पत्र लिहायला बसले तेव्हा आधी कागद खिडकीच्या उजेडात सरकवला, कोपऱ्यात चहाचा कप ठेवला, पेन जरा तिरकं केलं. मग लक्षात आलं, याचा फोटो काढायचा नाहीये. इतका हलका श्वास बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता.

आमचे शाळेतले चित्रकलेचे वेणीमाधव सर तुला आठवत असतील. निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवारचं मंडळ सुरू केलं. सकाळी सातला गंगेवर, आपल्या गोदेच्या घाटावर जमायचं, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या आसपास जागा धरायची आणि समोर दिसेल ते जलरंगात काढायचं. नियम एकच होता. ओलं चित्र कुणाला दाखवायचं नाही. जलरंग ओला असताना सगळ्यांचाच सुंदर दिसतो. वाळला की फिका पडतो, आणि मग जेवढं खरं असेल तेवढंच कागदावर राहतं. म्हणून चित्र घाटाच्या पायरीवर ठेवायचं, उडू नये म्हणून कोपऱ्यावर दगड, आणि यशोदाबाईंच्या टपरीवर चहाला जायचं. कुणी मधेच 'सर, एकदा बघा ना' म्हणालं की सर बशीतून डोकं वर न काढता म्हणायचे, "वाळल्यावर बोलू."

मग फोन आले, ट्रायपॉड आले. मंडळ भांडून मोडलं नाही. प्रत्येकाला आपल्या फ्रेममध्ये दुसरं कुणी नकोसं झालं, म्हणून जो तो आपापला कोपरा धरून बसला. सर अजून जातात म्हणे. मी दोन वर्षांत गेलेले नाही.

आता खरं सांगते. माझं रील संपतं ते कागद ओला असताना. शेवटचा फटकारा, पाणी तरळतंय, त्यावर ऊन चमकतंय, कट. माझा हात त्या कटसाठी वळलाय, आत्या. रंग कालवताना तो ओला कसा दिसेल एवढंच मी बघते. पाणी भरमसाट सोडते. वाळताना डाग पडतात, कडा फुटतात, उजेड मरतो, पण तोवर व्हिडिओ गेलेला असतो. तू ज्या नारोशंकरावर खूश आहेस ना, तो वाळल्यावर राखेसारखा झालाय. कपाटामागे आहे.

हे फक्त तुला लिहिलंय. भाषणात घालू नकोस. नाव न घेताही नको, नाशकात असं काम करणारी मी एकटीच आहे, लगेच कळेल. उदाहरणाला आमच्या योगिनीला घे. ती गाते, तुला माहीत आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "खुशाल सांगा! रस्त्यात लोक भेटतात नि म्हणतात, ती रीलमधली तान घ्या ना. अगं, मी बाई आहे की डोअरबेल?"

अठ्ठावीस तारखेपासून माझं प्रदर्शन आहे. पहिलंच. भिंतीवर चित्रं वाळलेलीच लावावी लागतात. मला भीती वाटतेय.

तुझी,
मृण्मयी

*

चांदवड
१७ नोव्हेंबर २०२५

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

भीती कसली वाटते? आपल्या घरात बायका भ्यायला जन्माला येत नाहीत. चार चित्रं फसली तर पाचवं काढायचं.

योगिनीची डोअरबेल झकास आहे, टाळी घेईल. पण खरं सांगू? तुझ्या ओल्या कागदासमोर ती साधी वाटते. तुझं पत्र आल्यापासून ते माझ्या मनातून जात नाही. एका ओल्या कागदात सबंध युगाचं पाप सापडलं तुला! घाबरू नकोस, शब्द देते, तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

प्रदर्शनाला सरांना बोलाव. स्टेटसवर आमंत्रण टाकून मोकळी होऊ नकोस. दारात जाऊन उभी राहा. माझे गुडघे सध्या संपावर आहेत, म्हणून मला येता येणार नाही. सात तारखेला मात्र गुडघ्यांना उचलून आणीन.

तुझी,
उत्तराआत्या

*

नाशिक
१ डिसेंबर २०२५

ती. उत्तराआत्यास सा. न.

प्रदर्शन संपलं. गर्दी झाली होती. तुझ्या गल्लीतला हर्षलही दोन मित्र घेऊन आला होता.

पहिल्या दिवशी कॉलेजातली मुलं आली. फोनवर माझं रील लावायची, तो फोन भिंतीवरच्या चित्राशेजारी धरायची आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची.

"हेच का ते?"

"हेच आहे रे. तेव्हा फिल्टर मारला असणार."

फिल्टर कधीच मारला नव्हता. ते सांगायचं सोडून मी पलीकडची चौकट सरळ करायला गेले. फिल्टर मारला नव्हता हे तर जास्तच वाईट नाही का?

दुसऱ्या दिवशी सर आले. इस्त्रीचा सदरा घालून, एकटे. प्रत्येक चित्रासमोर थांबले, चष्मा वर करून, मग खाली करून. शेवटच्या चित्राशी पोचले तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, बोला ना काहीतरी. आता तर वाळलीत." ते एकदा पहिल्या चित्रापर्यंत परत जाऊन आले. मग म्हणाले, "हो. वाळलीत." एवढंच. नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवला, शाळेत ठेवायचे तसा, आणि म्हणाले, "हात चांगला आहे गं तुझा. घाई कुणाची आहे?"

जाताना विचारलं, "रविवारी येतेस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, रविवारी सकाळी पोस्ट टाकली की जास्त लोक..." पुढचं गिळलं. ते हसले. "असू दे, असू दे. मी असतो तिथं. मी आणि यशोदाबाई. दोघांचं मंडळ."

आत्या, मी ठरवलंय. सात तारखेला सकाळी गंगेवर जाणार, फोन घरी ठेवून. कुणी बघत नसताना मला अजून चित्र काढता येतं का, ते मला कळायला हवं. नाही आलं तर हे सगळं थांबवेन. एका शाळेत चित्रकलेची जागा निघाली आहे, तिथं अर्ज करेन आणि पुन्हा स्वतःला चित्रकार म्हणवून घेणार नाही. इतकं साधं आहे.

जमलं तर मात्र ते चित्र पहिलं तुला दाखवीन. संध्याकाळी भाषणाला येतेच आहे.

तुझी,
मृण्मयी

*

चांदवड
९ डिसेंबर २०२५

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

अगं, कुठे गायब झालीस? मागच्या रांगेत तुला बघितलं होतं. भाषण संपल्यावर शोधलं तर खुर्ची रिकामी. चहासुद्धा घेतला नाहीस.

सभा अशी हलली म्हणून सांगू! योगिनीच्या डोअरबेलवर हसले, पण हसून विसरले. मी बघितलं, सभा हातातून सुटतेय. आणि तेव्हा ते आपोआप ओठांवर आलं. "एक मुलगी मला ठाऊक आहे. तिची चित्रं ओली असतात तोवरच जिवंत असतात! कॅमेरा बंद झाला की तीही मरतात. परवा तिचं प्रदर्शन झालं. भिंतीवर चित्रं नव्हती, राख लावली होती, राख!" आणि मी थांबले. सुई पडली असती तरी ऐकू आली असती. मग जो कडकडाट झाला!

तुझं नाव घेतलं नाही. दिला शब्द पाळला.

तेवढाच तुकडा कुणीतरी फोनवर घेतला आणि तो सगळीकडे फिरतोय. काल बाजारात कांद्याच्या आडतीवरचा वाळूभाऊ ओरडून म्हणाला, "आत्याबाई, तुम्ही तर लय गाजल्या! पोरानं स्टेटसला ठेवलंय तुम्हाला." सटाण्याहून आणि आणखी दोन ठिकाणांहून भाषणाची निमंत्रणं आली आहेत. फोनच्या विरोधातलं भाषण फोननंच पोचवलं, आहे की नाही गंमत! हर्षल रोज आकडा सांगतो.

त्या सकाळी गंगेवर गेली होतीस का? जमलं का चित्र? कळव.

तुझी,
उत्तराआत्या

*

नाशिक
१५ डिसेंबर २०२५

ती. उत्तराआत्यास,

गेले होते. जमलं होतं.

थंडी होती, धुकं होतं. दुतोंड्या मारुती अर्धाच दिसत होता. कुंभमेळ्याच्या कामासाठी पलीकडे खोदलंय, तिथला एक मजूर पाण्याकाठी तोंड धूत होता. ते काढलं. कुणीच बघत नव्हतं, तर सुरुवातीला हात चालेना. वाटलं, संपलं. मग कधी चालायला लागला ते कळलं नाही. पायरीवर ठेवलं, कोपऱ्यावर दगड ठेवला, चहाला गेले. वाळल्यावर सरांनी बघितलं आणि "हं" म्हणाले. सरांचं "हं" म्हणजे काय, ते मंडळातल्या कुणालाही विचार.

फोन घरी होता, त्यामुळे त्याचा फोटो नाही. म्हणून चित्रच घेऊन सभागृहात आले होते. मागच्या रांगेत बसले तेव्हा ते फोल्डर माझ्या मांडीवर होतं.

तू थांबलीस ना, सुई पडली तर ऐकू येईल अशी? त्या शांततेत माझ्या पुढच्या रांगेतल्या दोघी एकमेकींना म्हणाल्या, "ती मृण्मयी गं, नारोशंकरवाली." तू टाळ्या मोजत होतीस तोवर नाव लागलंसुद्धा होतं.

आता माझ्या प्रत्येक चित्राखाली लोक 'राख' असं लिहितात. आणखी ऐक. मला बघणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली आहे. रंग विकणाऱ्या एकाचा फोन आला होता, त्याला माझ्याकडून 'ओलं की वाळलं' असा व्हिडिओ करून हवा आहे. आपली दोघींची छान प्रसिद्धी झाली, आत्या.

मी लिहिलं होतं, नाव न घेताही नको. पत्रात लिहिलं, कारण पत्र कुणी बघत नाही. तेवढी एकच जागा उरली होती.

मृण्मयी

*

चांदवड
१२ जानेवारी २०२६

चि. मृण्मयी,

मधली माझी दोन पत्रं तुला पोचली असतील. तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच केलंस. त्या पत्रांत मी स्वतःचा बचाव मांडला होता. भाषण करायची सवय वाईट, माणूस माफी मागतानाही मुद्दे काढतं.

आज मुद्दे नाहीत. परवा सटाण्याला भाषण झालं, तेवढं सांगते.

बोलायला उभी राहिले. समोर पाच-सहा जणांनी फोन वर केले. आणि मृण्मयी, मी थांबले. त्यांचे फोन नीट धरून होईपर्यंत मी चक्क थांबले. पदर सारखा केला. मग पहिलं वाक्य टाकलं, त्या फोनांकडे तोंड करून. कुठे दम घ्यायचा, कुठे आवाज चढवायचा, तुकडा कुठे तोडला तर पुरा वाटेल, हे सगळं मी बोलता बोलता जुळवत होते. "राख" हा शब्द पुन्हा वापरला. लोक त्याचीच वाट बघत होते, तुझ्या योगिनीच्या तानेसारखी.

उतरले तर पहिल्या रांगेतली भागुबाई म्हणून एक म्हातारी, शेतावरून थेट आलेली, माझा हात धरून म्हणाली, "माय, तू त्या मोबाईलकडेच दखी ऱ्हायनी व्हती. आम्ही बी आठेच बठेल शेतस." म्हणजे तू त्या मोबाईलकडेच बघत होतीस, आम्हीही इथंच बसलो होतो. रागानं नाही म्हणाली. तिला खरंच वाटलं, मला ती दिसली नसेल.

आणि ती मला दिसली नव्हतीच.

सबंध जिल्ह्याला मी सांगत फिरले की कलावंत टाळीसाठी आपलं काम विकतो. टाळी हवी होती म्हणून मी माझ्या भाचीचं पत्र विकलं. तू निदान स्वतःचं विकत होतीस. तुझ्या ओल्या चित्रांना सगळ्यात आधी 'काय तो उजेड' कोण म्हणालं होतं? मीच. वाळलेलं एकही चित्र मी कधी मागितलं नाही.

उरलेल्या दोन्ही ठिकाणी येणार नाही असं कळवलं.

दुतोंड्या मारुतीचं ते चित्र मला बघायचं आहे. माझा हक्क नाही. तरी विचारते.

उत्तराआत्या

*

नाशिक
१९ जानेवारी २०२६

ती. उत्तराआत्यास सा. न.

ते चित्र तुला बघता येणार नाही. त्या दिवशी सभागृहातून घरी आले आणि ते नळाखाली धरलं. जलरंगाचं असंच असतं, भरपूर पाणी सोडलं की कागद जवळजवळ कोरा होतो. मजूर आधी गेला. मारुती जरा टिकला, दगडी होता म्हणून असेल. मग तोही गेला. मला थांबता आलं असतं. थांबले नाही.

ते चित्र माझ्याशिवाय सरांनी आणि यशोदाबाईंनीच बघितलं. त्यानंतर मी दर रविवारी जाते. सगळी चित्रं बरी होतात. "हं" मात्र पुन्हा ऐकू आलेलं नाही. सर म्हणतात, येईल. मला खात्री नाही.

शाळेत अर्ज केला नाही. रील बंद केलं, रंगवाल्यालाही नाही म्हटलं. महिन्याची मिळकत घटली आहे, त्याचं काय करायचं ते बघेन. योगिनीही एका रविवारी येऊन बसली. नुसता षड्ज लावून बसली होती पाण्याकडे बघत. यशोदाबाई म्हणाल्या, "ही पोरगी गाणं कधी सुरू करणारे?"

तुझ्यावरचा राग अजून ओला आहे. तो वाळल्यावर बोलू.

पण येत्या रविवारी तू ये. फोन घरी ठेव. भाषण नको.

तुझी,
मृण्मयी

*

चांदवड
२७ जानेवारी २०२६

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

रविवारी पायरीवर इतका वेळ गप्प बसले, त्याबद्दल मला एखादी शाल द्यायला हवी. सरांनी यशोदाबाईंना हळूच विचारलं, "या बाई बोलत नाहीत का?" ते मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तशी शंका आली असेल.

तू चित्र पायरीवर ठेवलंस, दगड ठेवलास आणि चहाला गेलीस. मी तिथंच बसून ते वाळताना बघितलं. निळा हळूहळू उतरत गेला. वाटलं, गेलं हेही. मग जे उरलं ते तसंच राहिलं. 'काय तो उजेड' म्हणणार होते, जीभ आवरली. नळाखाली गेलेलं चित्र मला कधीच बघायला मिळणार नाही, हे त्या वेळी नीट कळलं. त्याची भरपाई माझ्याजवळ नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही.

निघताना तू म्हणालीस, "लिही काहीतरी मंडळासाठी. पण हातानं लिही आणि माझं उदाहरण नको." लिहिलं आहे. यात उदाहरण माझंच आहे. खटकेल ते खोड. तुला पटलं तर हातानंच याच्या प्रती काढू आणि जुन्या मंडळातल्या एकेकाच्या दारात जाऊन देऊ. गुडघ्यांचं मी बघते.

"रविवारच्या मंडळातल्या चित्रकारांनो,

तुम्ही दमला आहात. मी चित्रकार नाही, तरी मला हे माहीत आहे, कारण मीही दमले आहे. फोनविरुद्ध भाषणं करता करता मी फोनकडे बघून बोलायला लागले. त्या टाळ्यांसाठी मी माझ्या जवळच्या माणसाला दुखावलं, आणि त्यात एक चांगलं चित्र कायमचं गेलं. ते कसं होतं हे सांगता येणारी माणसं आता तीनच आहेत, आणि त्यांत मी नाही.

फोन फेकून द्या असं मी सांगणार नाही. घरभाडं त्यावर चालतं, हे मला आता कळतं. मी तुमच्याकडे एकच सकाळ मागते आहे. तुमचे सर अजून तिथं बसतात. यशोदाबाई अजून चहा करतात. तुम्ही का येईनासे झालात, हे तुम्हाला कुणीही विचारणार नाही.

रविवार, आठ फेब्रुवारी. सकाळी सात वाजता दुतोंड्या मारुतीपाशी या. फोन घरी ठेवा. एक चित्र काढा, पायरीवर ठेवा, आणि ते वाळेपर्यंत उठू नका."

तुझी,
उत्तराआत्या